मी वाचून दाखवलेला कौल

आमच्या चाळीत पत्रं मी वाचायचे. तेवढ्यासाठी मला मान होता, बाकी कशासाठी नाही. सातवी पास झाले होते आणि मुख्य म्हणजे मला मोडी वाचता यायची. गावाकडची जुनी माणसं अजून मोडीतच लिहायची, लेखणी न उचलता, एकाला एक जोडून. ती कार्डं परळला आली की बायका ती पदराखाली धरून आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. चाळीत मोडी वाचणारे आणखी दोन म्हातारे होते, पण एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा वाचून झाल्यावर उपदेश करायचा. म्हणून माझ्याकडे गर्दी.

वाचायचे, पण जसंच्या तसं नाही. समोरच्या खोलीतल्या बाईचे दिवस भरत आले होते तेव्हा तिच्या आईचं कार्ड आलं की बाप अंथरुणाला खिळलाय, आता काही खरं नाही. मी वाचलं, 'बाबांना जरा बरं नाही, काळजी करू नये.' कार्डाच्या शेवटी नसलं तरी 'बाकी सर्व खुशाल' माझ्या पदरचं असायचंच. पोरगी गोड वाचते, असं बायका म्हणायच्या. मला त्यात कधी खोटेपणा वाटला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते आयुष्यात पहिल्यांदाच केलं असं कुणाला वाटू नये.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गिरणगावात दर दोन दिवसांनी सभा, मोर्चा, हरताळ. माझा मोठा भाऊ एकही सोडायचा नाही. त्याला मी दादा म्हणायचे. वय तेवीस, आवाज खणखणीत. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा घसा पार बसलेला असायचा आणि आई त्याला गरम पाण्यात मीठ घालून द्यायची. 'मुंबई आमची' एवढं ओरडून आल्यावर तो जेवायला बसायचा, ते आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत, दाराला पाठ लावून, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

दादा रे रोडला एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. फळ्या उतरवायच्या, मापं घ्यायची, हातगाडीवर लादून गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या. त्यातलं एक गिऱ्हाईक म्हणजे लालबागचा एक गुजराती शेठ. रस्त्यावर त्याचा छोटा गाळा होता, तिथे पाट, चौरंग, स्टुलं, देव्हारे बनायचे. दादा फळ्या टाकून परत यायचा नाही, तिथेच रेंगाळायचा. शेठने एक दिवस हातात रंधा दिला. मग चार वर्षं वखार सुटली की हा तिथेच. घरी येताना त्याच्या केसांत लाकडाचा भुसा असायचा आणि आई म्हणायची, 'इलो बघ, गाढवाक पीठ लागला.'

त्याच्या हातात कला होती, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. आमच्या घरात त्याने केलेला चौरंग होता, त्यात एक खिळा नव्हता. सांध्यात सांधा बसवलेला. चाळीतली माणसं यायची, तो चौरंग उलटा करून बघायची, 'झकास' म्हणायची आणि चौरंग घ्यायचा झाला की बाजारात जाऊन दुसऱ्याकडून घ्यायची. आपल्यातल्या माणसाकडून काय विकत घ्यायचं, असं होतं ते.

मग शेठचं मन मुंबईवरून उडालं. मुंबई कुणाची यावरून वातावरण तापलेलं. एका हरताळात त्याच्या पाटीवर दगड आला, कुणी मारला देव जाणे. दादाने दुसऱ्या दिवशी पाटी सांधून दिली, पण शेठच्या मुलांनी गावाकडून निरोप धाडला की आता पुरे, या निघून. शेठने दादाला बोलावलं. म्हणाला, गाळा तू घे. पागडी नको. मालकाशी मी बोलतो, भाडं तुझ्या नावावर करून देतो. अवजारं पण ठेवून जातो. पाडव्यापर्यंत काय ते सांग, नाहीतर दुसरा बघतो. आणि वर हसून म्हणाला, 'तुमचे लोक मुंबई पाहिजे म्हणून रस्त्यावर येतात. हा तिचा एक तुकडा मी हातावर देतोय, तर घेतोस का बघू.'

दादा हे घरी सांगत होता तेव्हा त्याचे हात एका जागी राहत नव्हते. मी त्याला इतकं खूश त्याच्या लग्नातही पाहिलं नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बाबा गिरणीत साचेखात्यात, एका वेळी दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. छातीत कापूस बसलेला, खोकला सुरू झाला की बोलणं अर्ध्यावर सोडायचे. त्यांना आता घरी बसायचं होतं आणि जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, शब्द दिला होता की तुमच्या जागी तुमचा मुलगा घेतो. तोही पाडव्यापर्यंतच. मुलगा आला नाही तर घरातला दुसरा कुणी, म्हणजे गावच्या काकाचा मुलगा. बापाच्या जागी मुलगा, हा आमच्याकडे सातबाराच होता. कोकणात जमीन नव्हती, ही होती.

'माझी जागा तुका मिळता हा,' बाबा म्हणाले, 'आणि तू रंधो घेऊन बसतलंस? आमी काय सुतार?'

आई म्हणाली, 'पगाराचो माणूस तो पगाराचो माणूस. हातचा सोडून पळत्याच्या पाठी कशाक लागूचा?'

दादा म्हणाला, 'पळतंय कुठे? गाळा आहे तिथेच आहे.'

पण चाळीत बातमी पसरली आणि जो तो येऊन शहाणपण शिकवायला लागला. शाळेच्या पुस्तकात मी वाचलं होतं, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. आमच्या चाळीत ही म्हण बरोबर उलटी टांगलेली होती. धंदा म्हणजे त्यांचं काम, त्यांच्या रक्तात असतं. आपल्या रक्तात काय असतं विचारलं तर कुणी सांगायचं नाही. एक म्हणाला, आपल्याला खोटं बोलता येत नाही, धंद्यात ते लागतं. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते आणि त्याच सकाळी त्याच्या बायकोला मी अर्धं खोटं पत्र वाचून दाखवलं होतं.

एकच माणूस वेगळं बोलला. वखारीतला दादाचा दोस्त, पलीकडच्या चाळीत राहणारा. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी तेव्हा नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती आणि घरातले देव विसर्जित करून टाकले होते. तो आमच्याकडे यायचा, पण आई त्याला चहा वेगळ्या कपात द्यायची आणि तो कप मोरीच्या वरच्या फळीवर असायचा. त्याला ते माहीत होतं. तो चहा प्यायचा आणि कप स्वतःच विसळून ठेवायचा.

तो दादाला म्हणाला, 'तू विचार कसला करतोयस? तुझ्या हातात दोन गोष्टी आहेत म्हणून तू विचार करतोयस. आमच्या लोकांना साचेखात्यात उभं करत नाहीत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आमचं तोंड चालत नाही. मला शेठने विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं.'

दादा म्हणाला, 'घरच्यांना दुखवून नाही रे करता येत.'

'मग देवाला विचार,' तो म्हणाला. चेष्टेने म्हणाला. पण ते बाबांनी ऐकलं आणि त्यांना पटलं.

आमच्याकडे नवीन काही करायचं तर गावच्या देवाला कौल लावायची रीत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. सगळे टक लावून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, आजारपण, वाटणी, सगळं त्यावर ठरतं. देवाने डावा दिला की विषय संपला, कुणी कुणाला दोष देत नाही.

'देवाक विचारूया,' बाबा म्हणाले. 'तो सांगात तसा.'

मला वाटलं दादा हसेल. कामगारांच्या सभांत जाणारा, पुढाऱ्यांची भाषणं पाठ असणारा माणूस. तो म्हणाला, 'चालेल.' मुंबई आमची म्हणून घसा फोडून आलेला माझा भाऊ मुंबईतला एक गाळा घ्यायचा तर कोकणातल्या पाषाणाला विचारायला तयार झाला. मला राग आला, पण माझ्या रागाला कोण विचारतंय. मी कार्ड घेऊन बसले आणि बाबांनी सांगितलं तसं काकाला लिहिलं. मुलाने लालबागला दुकान करावे किंवा कसे, याचा देवास कौल लावून कळवावे.

आता माझं सांगते. त्याच महिन्यात मला एक स्थळ आलं होतं. मुलगा म्युनिसिपालिटीत कारकून, दादरला राहणारे. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, चष्मा होता आणि बोलत नव्हता. मला तो आवडला का, तर मला माहीत नाही. पण बघायचा कार्यक्रम त्यांच्याच घरी झाला आणि हात धुवायला म्हणून मी आत गेले तर मोरीत नळ होता. त्यांचा स्वतःचा, घरातल्या घरात. फिरवला की पाणी.

आमच्याकडे तळमजल्यावर एक नळ आणि ऐंशी बिऱ्हाडं. पहाटे हंडा लावायला मी वयाच्या आठव्या वर्षापासून जात होते. नंबरावरून शिव्या, झिंज्या, एकदा मला कुणीतरी कळशी मारली होती, कपाळावर अजून खूण आहे. लोकांना लग्न म्हटलं की काय काय दिसत असेल. मला तो नळ दिसायचा.

मुलाच्या आईने निघताना आईला बाजूला घेतलं. मुलगी पसंत आहे म्हणाली. पण तुमचा मुलगा धंद्यात पडतोय असं ऐकलं. धंद्यात पडलेला भाऊ उद्या बहिणीच्या अंगावरचं मागायला येतो, आम्ही पाहिलंय. तो गिरणीत लागला, परमनंट झाला, तर आमची हरकत नाही. आई घरी येऊन मला काही बोलली नाही. मी सगळं दारामागून ऐकलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

काकाचं कार्ड आलं ते दुपारी. पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. घरात बाबा होते, त्यांची पाळी संपली होती. आई भाकऱ्या थापत होती. दादा त्या दिवशी वखारीत गेलाच नव्हता, रे रोडला हरताळ होता. तो खिडकीत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

दादाला वाचता यायचं, पण छापील बाळबोध. चौथीत शाळा सुटली, मोडीपर्यंत तो पोचलाच नाही. आई-बाबांना तेही नाही. कार्ड माझ्या हातात होतं आणि त्या खोलीत ते वाचू शकणारी मी एकटी.

काकाने लिहिलं होतं, 'देवास कौल लावला. देवाने उजवा दिला. मुलाने दुकान करावे. इकडील सर्व क्षेम.'

मी ते मनात एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा. पहिली गोष्ट मनात आली ती ही की काका लबाडी करतोय. दादा दुकानात गेला तर गिरणीतली जागा काकाच्या मुलाला मिळणार होती. मग उजवा का नाही देणार देव? हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण खरं सांगायचं तर काकाचा संशय हा मागून आला. आधी नळ आला.

'काय म्हणता?' बाबांनी विचारलं.

मी वाचलं, 'देवास कौल लावला. देवाने डावा दिला. मुलाने दुकान करू नये. इकडील सर्व क्षेम.' माझा आवाज जराही हलला नाही. सवयीचं काम होतं. एकच शब्द बदलायचा आणि एक 'नये' घालायचं.

मला वाटलं होतं काहीतरी होईल. दादा उठेल, कार्ड ओढून घेईल, भांडेल. त्याने खिडकीबाहेर बघत मान हलवली आणि म्हणाला, 'ठीक आहे.' आईने तव्यावरची भाकरी उलटली. बाबांनी कार्ड माझ्याकडून घेऊन कपाळाला लावलं, देवाचा शब्द म्हणून, आणि भिंतीवरच्या तारेत बाकीच्या कार्डांबरोबर खोवून ठेवलं. ते तिथे राहिलं. जाता येता माझी नजर त्यावर जायची आणि मला काही वाटायचं नाही. वाटायला हवं होतं, एवढंच वाटायचं.

पाडव्याच्या आधी दादा शेठकडे जाऊन नाही म्हणून आला. शेठने कारण विचारलं. दादाने खरं ते सांगितलं, म्हणजे त्याला जे खरं वाटत होतं ते. शेठ म्हणाला, आम्ही पण देवाला विचारतो, पण दुकान उघडल्यावर, चालू दे म्हणून. गाळा वखारीतल्या दोस्ताने घेतला. दादानेच शेठला त्याचं नाव सांगितलं, एवढं दादाचं मन मोठं. दोस्ताने देव्हारे बंद केले, एकतर त्याला ते करायचे नव्हते आणि दुसरं म्हणजे त्याच्या हातचा देव्हारा आमच्याकडे कुणी घेतला नसता. शाळांची बाकडी केली, स्टुलं केली, खाटा केल्या. पहिली दोन वर्षं हाल काढले. तो फार मोठा माणूस झाला असं काही नाही, पण दुकान राहिलं.

पाडव्यानंतर दादा बाबांच्या जागेवर उभा राहिला. माझं लग्न झालं आणि मी दादरला आले. नळ होता. सकाळी सहा ते साडेसात पाणी यायचं. पहिल्या दिवशी मी तो उघडून नुसती बघत उभी राहिले, सासूने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. आठवड्याभरात त्याची सवय झाली आणि पुढे तो नळ मला कधी दिसलाच नाही.

गावचा काका मात्र आमच्याशी बोलेनासा झाला. बाबा म्हणायचे, त्याच्या पोराला जागा मिळाली नाही म्हणून तोंड फुगवून बसलाय. काका गावात सांगत होता की त्यांनी देवाचा कौल मोडला. दोघं सख्खे भाऊ, दोघंही आपापल्या जागी खरे, आणि मधे मी. बाबा गेले तेव्हा काका आला नाही. मी एका शब्दाने ते सगळं सोडवू शकले असते. दर वेळी वाटायचं, आता एवढ्या दिवसांनी काय सांगायचं, आणि दिवस आणखी वाढायचे.

दादाने गिरणीत पुरी हयात काढली. लग्न केलं, त्याला एक मुलगा झाला. चाळीतली तळमजल्याची, रस्त्याकडची खोली मिळाली. रंधा त्याने परत हातात धरला नाही. मी एकदा म्हटलं, पोराला एक घोडा तरी करून दे लाकडाचा. तो म्हणाला, 'बाजारात मिळतो की.' मग गिरण्या बंद पडल्या आणि तो घरी बसला, बाबांच्या वयाच्या आधीच, बाबांचा खोकला घेऊन. आता जॉबर नव्हता, जागा नव्हती, मुलाला द्यायला काही नव्हतं.

त्याचा मुलगा एक दिवस दादरला माझ्याकडे आला. तिशीचा, दोन पोरांचा बाप, सहा महिने घरी. म्हणाला, 'आत्या, आमच्या खोलीची रस्त्याकडची भिंत फोडून दुकान काढायचं म्हणतोय. झेरॉक्स, स्टेशनरी, फोन. समोर दोन शाळा आहेत. दोस्त मशीन आणतोय. फक्त खोली बाबांच्या नावावर, मालकाला त्यांची सही लागते. ते देत नाहीत.'

'का देत नाहीत?'

'म्हणतात, आपल्या घराण्याला देवानेच धंदा नको म्हटलंय. कौल आहे. आत्याने वाचलाय, तिला विचार.' तो पुढे सरकून बसला. 'मी असल्या गोष्टी मानत नाही, आत्या. पण बायको मानते. आणि बाबांना डावलून कसं करू? तू ये आणि एकदा सांग काय होतं त्या पत्रात. तू म्हणशील ते ते ऐकतील.'

म्हटलं, येते.

त्या आठवड्यात मला झोप लागली, जेवण गेलं, सगळं व्यवस्थित. मी ठरवलं होतं की सांगायचं. आधी दादाला एकट्याला आणि मग पोरासमोर. डावी कळी पडली नव्हती, मी पाडली, असं सांगायचं. वाक्य सुद्धा तयार होतं.

परळला गेले तेव्हा दादा एकटा होता. मुलगा दूध आणायला गेला होता, सून पोरांना घेऊन माहेरी. मी बसले आणि पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. काकाच्या पत्रात उजवा होता. मी डावा वाचला. माझ्या लग्नासाठी.

दादा भिंतीला टेकून बसला होता. तो खोकला, मग म्हणाला, 'माहीत आहे मला.'

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

'पुढच्याच शिमग्याला गावी गेलो होतो. गुरवाने भर देवळात धरलं. म्हणाला, देवान उजवो दिलो आणि तुमी मोडलात? मी काही बोललो नाही. तेव्हा मला नोकरीत वर्ष पण झालं नव्हतं. सोडता आली असती. त्या दोस्तालाही दुसरा हात हवाच होता, तो दोनदा विचारून गेला.'

'मग?'

'मग काय. तू डावा वाचलास ना, तेव्हा मला बरं वाटलं.' तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. 'छातीवरचा धोंडा उतरला. मी शेठला हो म्हणायला घाबरत होतो. मोर्च्यात हजार लोक असतात, गाळ्यात मी एकटा बसणार होतो. दुकान चाललं नसतं तर सगळी चाळ म्हणाली असती, सांगितलं होतं. देव नको म्हणाला म्हटल्यावर कुणी काही म्हणत नाही.'

मला रडू आलं नाही आणि रागही आला नाही. एवढी वर्षं मी माझं म्हणून जे ओझं वाहिलं ते त्याने पहिल्याच शिमग्याला खाली ठेवून दिलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

'पोराला सांगू नको,' दादा म्हणाला.

'त्याचं दुकान आहे, दादा. तो सहीसाठी थांबलाय.'

'बाप देवाचं ऐकून गिरणीत गेला एवढं त्याला माहीत आहे. घाबरून गेला हे नको कळायला. तेवढं राहू दे माझ्याकडे.'

'मग नुसती सही दे की. कशाला काही सांगायचं?'

'सही दिली आणि त्याचं बुडलं तर?' त्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, काही नव्हतं. तो खरोखरच विचारत होता.

तेवढ्यात मुलगा दूध घेऊन आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. पिशवी ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि आमच्या दोघांच्या समोर खाली बसला. हातात एक वही होती, तिच्यात त्याने दुकानाचा नकाशा काढला होता. काउंटर इथे, मशीन इथे, बाबांची खुर्ची इथे.

'आत्या,' तो म्हणाला, 'सांग आता. काय होतं पत्रात?'

दादा खिडकीकडे बघायला लागला.

मी म्हटलं, 'डावा होता, बाळा.'

त्याने वही मिटली आणि चहा टाकायला उठला. पुढच्या सोमवारपासून तो गिरणीच्या जागेवर झालेल्या एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. दादाने मला आवर्जून कळवलं की नोकरी पगारी आहे.